काळी पेटी, पांढरी पेटी आणि सातवा डोंगर

एका जंगलात नदी होती, डोंगर होते, करवंदांच्या जाळ्या होत्या, आणि तरीही तिथल्या प्राण्यांना संध्याकाळी काय करावं ते सुचत नसे. म्हणून त्यांनी पेट्या घेतल्या होत्या.

पेटी म्हणजे काय, असं तुम्ही विचारणार नाही. तुम्ही हुशार मुलं आहात. तुमच्यातल्या निम्म्यांचे अंगठे हे वाचतानाही वळवळत असतील. पण पुस्तकात सगळं लिहावं लागतं, म्हणून लिहितो. पेटीला पुढून काच असे. काचेत चित्रं हलत. पेटीतून दोन वेली बाहेर आलेल्या, प्रत्येक वेलीच्या टोकाला एक लाकडी मूठ, मुठीवर बटणं. बटण दाबलं की काचेतलं चित्र उडी मारायचं. दाबणारा मात्र जागचा हलायचा नाही. याला त्या जंगलात खेळणं म्हणत.

पेटी कशावर चालायची, हे विचारू नका. जंगल आहे. चालायची.

तर त्या जंगलात झिपरू नावाचं एक अस्वल होतं आणि सोनकी नावाची एक घोरपड होती. अस्वलाची आणि घोरपडीची कुठे मैत्री असते का? नसते. पण या दोघांत मिळून एकच पेटी होती, आणि पेटीत एकच खेळ होता. त्या खेळाचं नाव सात डोंगर.

खेळ साधा होता. काचेत दोन चढणारे. दोघांच्या कमरेला एकच दोर. एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खाली पाय रोवून दोर धरायचा. मग वरच्याने धरायचा आणि खालच्याने चढायचं. हा एकट्याने खेळायचा खेळच नव्हता.

झिपरूचे पंजे बोजड. त्याने एक बटण दाबायला जावं आणि तीन दाबली जावीत. त्यामुळे तो सारखा पडायचा. पण दोर सोनकीच्या हातात असायचा, आणि घोरपडीने एकदा धरलं की धरलं.

"पडलास?" ती विचारायची.

"पडलो."

"मग चढ परत. मी आहे."

असं करत करत त्यांनी सहा डोंगर पालथे घातले. सातवा सगळ्यात उंच. त्याच्या शिखरावर त्या जंगलातलं कुणीच पोचलं नव्हतं. रानडुकराने तिसऱ्या डोंगरावरच रागाने मूठ चावून टाकली होती. माकडांना तर दोर धरायला कुणी बसायलाच तयार नव्हतं, कारण प्रत्येकाला वर चढायचं होतं. वर काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. झिपरूची खात्री होती, पोळं असणार. सोनकी म्हणायची, काहीही नसेल, पण ते काहीही नसलेलं मला बघायचंय.

आणि आता शिखर दिसत होतं. अजून एखाददुसरी संध्याकाळ, की झालं.

एवढं नीट ध्यानात ठेवा. या दोघांना जगात दुसरं काही नको होतं. सातवा डोंगर, दोघांनी मिळून. बस.

आणि नेमका तेव्हा कोल्हा आला.

कोल्हा करवंदाच्या जाळीपाशी उभा राहिला की सगळे जमत. त्याच्याकडे नेहमी आतल्या गोटातली बातमी असे. आतला गोट कुठे आहे, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळेच बातमीवर सगळ्यांचा विश्वास होता.

"नव्या पिढीच्या पेट्या येताहेत," कोल्हा म्हणाला.

पूर्वी त्या जंगलात नवी पिढी म्हणजे पिल्लं. आता पिल्लांकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

"दोन येताहेत," कोल्हा म्हणाला. "एक काळी. एक पांढरी. काळीत बारा शिंगांचं बळ आहे. पांढरीत साडेअकरा शिंगांचं."

गर्दीतून "अबब!" असा आवाज आला. सांबराला वाटलं आपल्याबद्दलच चाललंय. तो मान ताठ करून उभा राहिला.

"एक शिंग म्हणजे किती बळ?" एका सशाने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बिळात गेला आणि पुन्हा कुठल्या वादात पडला नाही. त्या वर्षी त्या जंगलात सुखाने जेवलेला प्राणी तो एकटाच.

या काळ्या आणि पांढऱ्या पेट्या डोंगरापलीकडच्या एकाच वारुळात तयार होत असत. मुंग्याही त्याच. सकाळी काळी करायच्या, दुपारी पांढरी. ही गोष्ट काही लपवलेली नव्हती. सगळ्यांना माहीत होती. त्याने भांडणात काही कमी पडलं नाही.

मग कोल्ह्याने एक मोठं चित्र उलगडलं. "नव्या पेटीतलं पाणी बघा. काय पाणी आहे! थेंब न् थेंब वेगळा दिसतो. सूर्य पडला की चमकतं. दगड टाकला की वलयं उठतात."

सगळे प्राणी डोळे विस्फारून बघत राहिले. सगळे नदीच्या काठावर बसले होते. नदीकडे पाठ करून बसले होते, कारण त्याशिवाय चित्र दिसत नव्हतं. एक माकड गर्दीतल्या धक्क्याने मागे नदीत पडलं. नखशिखान्त भिजून वर आलं. अंग झटकून पुन्हा चित्रासमोर बसलं आणि म्हणालं, "हे जास्त ओलं वाटतंय."

त्या संध्याकाळी झिपरू आणि सोनकी गुहेत आपल्या पेटीसमोर बसले. काचेत सातवा डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याशी तळं होतं.

"हे पाणी बघ," सोनकी म्हणाली. "सतरंजी अंथरल्यासारखं दिसतंय."

"काल तर बरं दिसत होतं," झिपरू म्हणाला.

"काल आपल्याला माहीत नव्हतं."

झिपरूने मान हलवली. त्याने एक उडी मारली, पडला, सोनकीने दोर धरला. पण रोजची मजा काही येईना.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला. "एवढं सहा डोंगर चढून आलो. आता शेवटचं शिखर या असल्या पेटीवर गाठायचं?"

"तेच माझ्या मनात होतं. शिखर नव्या पेटीवरच गाठू."

"लग्नाची पंगत मांडलेली असताना घरी वरणभात कोण जेवतं?"

"कोणी नाही," सोनकी म्हणाली.

आणि त्यांनी मुठी खाली ठेवल्या. काचेतले ते दोघे तसेच लटकत राहिले. एकाचा हात शिखराखालच्या कड्यावर, दुसरा खाली दोर धरून.

आता तुमच्यातलं एखादं आगाऊ पोर म्हणेल, अहो, एका संध्याकाळचं तर काम होतं, उरकून टाकायचं आणि मग बघत बसायची वाट. तू म्हणणारच बाळ, तू अजून लहान आहेस. हाताशी आलेलं सुख पुढच्या पेटीसाठी राखून ठेवायला अक्कल लागते, ती वयाने येते. तुझ्या घरात विचार. एखादा चांगला टी-सेट कपाटात पाहुण्यांची वाट बघत म्हातारा झालेला सापडेल.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. काही वाद निघाला की नदीच्या दोन काठांवर दोन ढीग घालायचे. प्रत्येकाने एक खडा उचलायचा आणि आपल्याला पटलेल्या बाजूच्या ढिगावर टाकायचा. ज्या काठावर खडा, त्याच काठावर राहायचं आणि त्याच काठाचं पाणी प्यायचं, वाद मिटेपर्यंत. आणि टाकलेला खडा कुणी परत उचलायचा नाही.

रीत वाईट नव्हती. उन्हाळ्यात चारा संपला की वरच्या रानात जायचं की खालच्या, एवढं ठरवण्यापुरती ती होती. ऊन वाढायचं, पोटं खपाटीला जायची, आणि जिकडे चारा दिसेल तिकडे दोन्ही काठ मुकाट्याने निघायचे. वाद पोटाने मिटायचा. पण जी वस्तू कुणी पाहिली नाही, खाल्ली नाही, हुंगली नाही, तिच्यावरचा वाद मिटतो कसा, हे रीत घालणाऱ्या पूर्वजांना सुचलंच नव्हतं. त्यांनी पेट्यांवर कधी खडे टाकले नव्हते.

अलीकडच्या काठावर काळीचा ढीग. पलीकडच्या काठावर पांढरीचा. मधे नदी. नदी म्हणजे काय, अस्वलाच्या गुडघ्याएवढी.

झिपरूने काळीच्या ढिगावर खडा टाकला. कारण विचाराल, तर तो स्वतः काळा होता. याहून मोठं कारण त्या दिवशी त्या जंगलात कुणाकडेच नव्हतं.

सोनकीने पांढरीच्या ढिगावर खडा टाकला. पांढरीची मूठ नखांना चांगली बसते, असं तिच्या आतेबहिणीने सांगितलं होतं. आतेबहिणीनेही ती मूठ पाहिलेली नव्हती.

दोघांनाही वाटलं होतं, दुसरा आपल्याच बाजूने असणार. त्यात विचारायचं काय? खडे पडल्यावर दोघांनी एकमेकांना शोधलं, तर मधे नदी.

"अगं सोनके!" झिपरू ओरडला. "चुकून पडला का तुझा खडा?"

"माझा कशाला चुकेल? तुझाच पंजा घसरला असेल!"

"बारा शिंगं आहेत गं काळीत! बारा!"

"बळ काय चुलीत घालायचंय? पांढरी बघ, डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू होते."

"तुला कसली एवढी घाई? दिवसभर उन्हात पालथी पडलेली असतेस!"

गर्दी हसली. काळीच्या काठावर जरा जास्तच हसली. सोनकीची मान ताठ झाली.

"तुला बारा काय, शंभर शिंगं दिली तरी तू तीन बटणं एकदमच दाबणार," ती म्हणाली. "मी दोर धरत होते म्हणून सहा डोंगर चढलास. नाहीतर पहिल्याच डोंगराखाली चेंदामेंदा झाला असता तुझा."



"आणि मी चढत होतो म्हणून तुला धरायला दोर तरी होता," तो म्हणाला. "एकटी असतीस तर भिंतीला चिकटून बसली असतीस जन्मभर."

मुलांनो, दोघंही खरं बोलले. म्हणूनच ते लागलं. खोटं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरले असते.

कोल्ह्याला हे भांडण फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही काठांवर ते पुन्हा करून दाखवलं, झिपरूच्या आवाजात आणि सोनकीच्या आवाजात. काळीच्या काठावर सोनकीचा आवाज किरटा काढला, पांढरीच्या काठावर झिपरूचा घोगरा. दोन्हीकडे तुफान हशा पिकला. जे प्राणी कधी सात डोंगर खेळले नव्हते, तेही आता त्या दोघांबद्दल ठाम मतं बाळगून होते.

राहता राहिली जुनी पेटी. ती अजून गुहेतच होती.

"जुनी द्या, पान न्या," कोल्ह्याने हाळी दिली. म्हणजे असं, की जुनी पेटी त्याच्याकडे आणून द्यायची, बदल्यात तो एक खूण केलेलं पान द्यायचा, आणि नवी पेटी आली की पान दाखवून ती आधी घ्यायची. ज्याच्याकडे पान नाही त्याने रांगेत मागे उभं राहायचं. त्या जंगलात रांगेत मागे उभं राहण्यापेक्षा वाघाच्या तोंडी जाणं बरं मानत.

कोल्ह्याने तेवढ्यापुरती नदी ओलांडायची मोकळीक दिली, आणि झिपरू आणि सोनकीने पेटी उचलून आणली. ती जड होती, एकट्याला उचलत नव्हती, म्हणून एका बाजूने त्याने धरली आणि एका बाजूने तिने. वाटेत दोघंही चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एके ठिकाणी सोनकी "दगड आहे" एवढं म्हणाली, आणि झिपरूने पाय उचलून टाकला.

"एका पेटीवर दोन पानं देतो तुम्हाला," कोल्हा म्हणाला. "एक काळीचं, एक पांढरीचं. तुमचं नातं मी जाणतो."

"पण आमचे ते दोघं लटकलेत त्यात," झिपरू म्हणाला. "शिखराखाली. त्यांचं काय?"

"ते येतील की नव्या पेटीत. जसेच्या तसे."

"नक्की?" सोनकीने विचारलं.

"नक्की असं मी म्हणत नाही," कोल्हा म्हणाला. "पण येतील असं एकंदर वातावरण आहे."

आणि त्याने पेटी मागच्या खड्ड्यात ढकलून दिली. काच फुटल्याचा आवाज आला. दोघांनीही एकदम तिकडे पाहिलं. मग आपापल्या हातातल्या पानाकडे पाहिलं. पान हिरवंगार होतं. दोघं आपापल्या काठावर निघून गेले.

मग सुरू झालं वाट बघणं. खरं सांगतो, तसा आनंदाचा काळ त्या जंगलाने पूर्वी कधी पाहिला नव्हता. कुणाकडेच पेटी नव्हती, त्यामुळे कुणी हरत नव्हतं. सगळे नुसते बोलत होते. ज्यांना नदी ओलांडताना धाप लागायची, ते शिंगांच्या हिशोबावर दिवस दिवस बोलायचे आणि दमायचे नाहीत. पांढरीवाले म्हणायचे, अर्ध्या शिंगाने काय फरक पडतो? काळीवाले म्हणायचे, अर्ध्या शिंगाची किंमत ज्याला कळत नाही त्याने झाडपाला खावा. सांबर म्हणाला, आम्ही झाडपालाच खातो. त्याला दोन्ही काठांनी वाळीत टाकलं.

इथे तुम्ही कासवाची वाट बघत असाल. बोधकथेत अशा वेळी एक म्हातारं कासव येतं आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतं. आलं. हळूहळू चालत नदीच्या मध्यावर आलं. दोन्ही काठ चिडीचूप झाले. कासवाने घसा खाकरला आणि म्हणालं, "माझ्या ऐकण्यात असं आलंय की पांढरीच्या पाठीला कवच आहे. माझा खडा तिकडे टाका."

मध्येच कोल्ह्याने सांगितलं, पेट्यांना उशीर होतोय. झालं! वाटलं, आता तरी प्राणी चिडतील. छे! "चांगल्या कामाला वेळ लागतोच," काळीवाले म्हणाले. "आमच्या पेटीला जास्त उशीर होतोय," पांढरीवाले छाती पुढे काढून म्हणाले, "म्हणजे बघा, ती किती चांगली असणार."

झिपरू या सगळ्यात असायचा. ओरडायचाही. पण संध्याकाळ झाली की त्याचे पंजे आपोआप मूठ धरल्यासारखे वळायचे. मग त्याला आठवायचं, ते दोघं लटकलेत. पेटी येऊ दे, तो स्वतःशी म्हणायचा. पेटी आली की सोनकीला दाखवीनच काळीतलं शिखर. ती म्हणेल, चुकलं माझं. मग बसू दोघं.

पलीकडच्या काठावर सोनकीही हेच म्हणत होती. फक्त पेटीचा रंग तेवढा वेगळा.

शेवटी पेट्या आल्या.

झिपरू पान नाचवत गेला आणि काळी पेटी पाठीवर घालून आला. वाळलेल्या गवतातून त्याने ती बाहेर काढली. काय काळी होती! त्याने बटण दाबलं. काच उजळली. काचेवर अक्षरं आली : पेटी स्वतःला सुधारून घेत आहे. कृपया थांबा.

तो थांबला. जी पेटी अजून सुरूही झाली नाही, तिच्यात सुधारायला काय झालं, असं त्याच्या मनात आलं, पण त्याने ते मनातच ठेवलं. काळीच्या काठावर असलं काही बोलायची सोय नव्हती.

मग एकदाची सुरू झाली. सात डोंगर होता त्यात, नव्याने रंगवलेला. तळं आलं. झिपरू पुढे वाकला. थेंब न् थेंब वेगळा दिसत होता. कोल्हा खोटं बोलला नव्हता. झिपरू ते पाणी बघत राहिला. बराच वेळ बघितलं. पाण्याकडे बघून झाल्यावर आणखी काय करायचं असतं, हे त्याला कळेना.

मग त्याने आपले ते दोघं शोधले. सातव्या डोंगरावर कुणी नव्हतं. शिखराखालचा कडा रिकामा होता. दोघंही पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी उभे होते, नवेकोरे, कधी एक पाऊलही न चढलेले. आणि काचेवर लिहिलं होतं : दुसरा खेळाडू बोलवा.

झिपरूने इकडे तिकडे पाहिलं. काळीच्या काठावर पुष्कळ प्राणी होते. त्याने रानडुकराला विचारलं. रानडुक्कर म्हणालं, "मी माझ्या पेटीवर खेळतोय, दिसत नाही?" माकडांना विचारण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांकडे आपापली पेटी होती, सगळ्यांच्या काचेवर तीच ओळ होती, आणि कुणालाच कुणाचा दोर धरायचा नव्हता. पांढऱ्या पेटीतल्या खेळाडूला तर काळी पेटी ओळखतच नसे. मुंग्यांनी ते मुद्दाम तसं केलं होतं.

तेवढ्यात काचेवर दुसरी ओळ आली : दुसरा खेळाडू नाही? हरकत नाही. पेटी स्वतः दोर धरेल.

झिपरूने बटण दाबलं.

मुलांनो, काय दोर धरला त्या पेटीने! झिपरूचा पंजा तीन बटणांवर पडला, तर तिन्हीतलं बरोबर बटण पेटीने स्वतःच निवडलं. तो घसरला नाही. चुकला नाही. एकदाही पडला नाही. ज्या डोंगरांना वर्ष लागलं होतं, ते सगळे त्याने दुपारच्या दुपारी चढून टाकले. खेळताना त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही.

आणि तो शिखरावर पोचला.

वर पोळं नव्हतं. वर एक सपाट कातळ होता. कातळावर दोघांना शेजारी शेजारी बसता येईल एवढी जागा होती, आणि तिथून सगळे डोंगर दिसत होते. झिपरूचा चढणारा कातळावर बसला. पेटीचा चढणाराही नीट अंतर ठेवून बसला. काचेवर अक्षरं आली : शाब्बास.

"सोनके, पोचलो गं!" झिपरू डावीकडे वळून ओरडला.

डावीकडे पेटीतलं वाळलेलं गवत पडलं होतं.

पलीकडच्या काठावर सोनकीचंही तेच झालं होतं. तिने दोर धरला होता आणि पेटीचा चढणारा वर चढत होता. तो पडतच नव्हता. दोराला एकदाही ओढ लागली नाही. तिने नखं रोवून, सगळं बळ लावून, कुणीच न लोंबकळणारा दोर शिखरापर्यंत धरून ठेवला. आणि तिलाही शाब्बास मिळाली.

दोघं एकाच वेळी उठले आणि पाणी प्यायला म्हणून नदीवर आले. तहान कुणालाच नव्हती.

"पोचलीस?" झिपरूने विचारलं.

"पोचले. तू?"

"मी पण."

सोनकीने पाण्यात शेपटी हलवली. "वर काय होतं तुझ्यात?"

"कातळ. दोघांना बसायला."

"माझ्यात पण तोच," ती म्हणाली. "बोअर झालं रे मला."

"मलाही."

झिपरूने एक पाय पाण्यात टाकला. नदी तिथे घोट्याएवढीच होती. टाकलेला खडा उचलायचा नाही, अशी रीत होती. पण खडा आणि बिऱ्हाड आपल्या काठावर ठेवून संध्याकाळपुरतं पलीकडे जाऊन बसायचं नाही, असं पूर्वजांनी कुठेच सांगितलेलं नव्हतं. झिपरूला हे पहिल्यांदाच सुचत होतं. सोनकीही काठावरून खाली उतरू लागली. दोघांनी चार चार पावलं टाकली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मला तुम्हाला एक गोड, पाठ करण्याजोगं तात्पर्य देता आलं असतं.

"ऐका हो ऐका!" करवंदाच्या जाळीपाशी कोल्ह्याची हाळी उठली. "आतल्या गोटातली बातमी! पुढच्या पिढीच्या पेट्या येताहेत!"

दोन्ही काठांवर धावपळ उडाली.

"पुढच्या पेटीत काय आहे ठाऊक आहे?" कोल्हा ओरडत होता. "जोडीदार! असातसा नाही, खराखुरा वाटणारा जोडीदार! दोर ओढताना धापा टाकतो. तुमच्याशी गप्पा मारतो. हवा तर घोरपडीसारखा दिसतो, हवा तर अस्वलासारखा. भांडतोसुद्धा! रुसून बसतो! आणि मग एक बटण दाबलं की समजूत निघते आणि परत येतो!"

झिपरूने सोनकीकडे पाहिलं. सोनकीने झिपरूकडे पाहिलं.

"काळीत ना?" झिपरूने मान वळवून कोल्ह्याला विचारलं, "आधी काळीत येणार ना तो?"

सोनकीने तोवर नवा खडा उचललाही होता.

झिपरूने पाय पाण्यातून बाहेर काढला.

तात्पर्य : पडल्यावर आपला दोर धरणारा मित्र मिळाला, तर त्याला वेळीच बदलून घ्यावं. जुन्या पेटीच्या बदल्यात निदान एक पान मिळतं. जुन्या मित्राच्या बदल्यात कोल्हासुद्धा काही देत नाही.